कॉम्प्युटरला त्याचे भाग कसे कळतात?

प्रश्न असा आहे: जुन्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं. यूएसबी माऊस लावताक्षणी चालला. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक ‘अननोन डिव्हाइस’ आणि एक ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ पिवळं चिन्ह घेऊन बसले आहेत. माऊस कळतो, मग हे का कळत नाहीत? आणि कॉम्प्युटर आपले भाग ओळखतो कसा, हे मुळापासून शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?

आधी गाभ्याची गोष्ट सांगतो. कॉम्प्युटर कुठलाही भाग स्वतःहून ओळखत नाही. तो ठरलेल्या जागी जाऊन विचारतो आणि भाग आपल्या पोटात लिहिलेला नंबर परत देतो. ज्या भागाला असं विचारताच येत नाही, त्याची माहिती कुणीतरी आधी तक्त्यात लिहून ठेवलेली असते. प्रोसेसरपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळा कारभार या दोन गोष्टींवर चालतो. म्हणून कुठलाही भाग ‘दिसत नाही’ अशी तक्रार आली की मी तीन प्रश्न याच क्रमाने विचारतो: भागाने उत्तर दिलं का? कोणता नंबर दिला? त्या नंबरला जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, या मशीनवर आहे का? बहुतेक जण थेट तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि ड्रायव्हर शोधत रात्र घालवतात. भाग उत्तरच देत नसेल, तर जगातला कुठलाही ड्रायव्हर कामाचा नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. १९९० च्या सुमाराचं साउंड कार्ड घेतलं, तर त्यावर बारीक जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपणं, असायचे. पोर्ट (कार्डाचा पत्ता) २२०, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार) ५, डीएमए (थेट मेमरीशी देवाणघेवाणीचा मार्ग) १ अशी जुळणी माणूस हाताने करायचा आणि तीच माहिती ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘सेट ब्लास्टर’ या ओळीत लिहायचा, कारण गेमला कार्ड कुठे आहे हे कळायचा दुसरा मार्ग नव्हता. दोन कार्डांनी एकच इंटरप्ट धरला की दोन्ही बंद. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ मशीनच्या मायक्रो चॅनेलवर प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर दिला होता, पण खरा बदल सर्वांच्या टेबलावर आणला तो इंटेलने १९९२ मध्ये पुढे केलेल्या पीसीआयने, म्हणजे कार्डं आणि बोर्डावरचे भाग जोडणाऱ्या प्रमाणित मार्गाने. शिकायला सुरुवात इथूनच करा. पीसीआय नीट कळलं की बाकीचं अर्धं आपोआप कळतं.

पीसीआयवरच्या प्रत्येक भागाला पत्ता असतो तो तीन तुकड्यांचा: बस (भाग जोडणारा मार्ग), डिव्हाइस (त्यावरचा भाग), फंक्शन (त्या भागातलं एक काम). बससाठी ८ बिट, डिव्हाइससाठी ५, फंक्शनसाठी ३. म्हणजे २५६ बस, प्रत्येकीवर ३२ डिव्हाइस, प्रत्येकात ८ फंक्शन. एकूण ६५,५३६ शक्य पत्ते. प्रत्येक पत्त्यावर २५६ बाइटची कॉन्फिगरेशन स्पेस, म्हणजे भागाच्या ओळखीची आणि जुळणीची जागा, असते आणि तिचे पहिले ६४ बाइट कसे मांडायचे हे प्रमाणाने ठरवून दिलेलं आहे. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये ही जागा ४,०९६ बाइटची झाली, तरी सुरुवातीची मांडणी तीच राहिली. पहिले दोन बाइट कंपनीचा नंबर, पुढचे दोन बाइट त्या कंपनीने त्या भागाला दिलेला नंबर.

हे नंबर हेक्समध्ये, म्हणजे १६ अंकांच्या पद्धतीत लिहितात, त्यामुळे त्यात ए ते एफ अक्षरंही येतात. कंपनीचा नंबर पीसीआय-सिग ही संस्था देते. इंटेलचा नंबर ८०८६ आहे, म्हणजे १९७८ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा. एनव्हिडियाचा १०डीई, रिअलटेकचा १०ईसी, एएमडीचा १०२२. काही दिवस काम केलं की हे आकडे तोंडपाठ होतात.

आता चालू होतानाची हजेरी पाहा. फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, बस शून्यपासून सुरू करतं आणि प्रत्येक पत्त्यावर एकच गोष्ट वाचतं: कंपनीचा नंबर काय? जुन्या पद्धतीत यासाठी सीएफ८ या पोर्टवर पत्ता लिहायचा आणि सीएफसी या पोर्टवरून उत्तर वाचायचं. त्या जागी कुणीच नसेल, तर उत्तर देणारा नसतो. मग वरचा ब्रिज, म्हणजे एका बसला दुसरी जोडणारा भाग, सगळे बिट १ करून परत देतो आणि वाचणाऱ्याला एफएफएफएफ दिसतं. म्हणूनच एफएफएफएफ हा नंबर कुठल्याही कंपनीला कधीच दिला जात नाही. रिकाम्या जागेचं ‘नाही’ आणि खऱ्या भागाचं ‘मी अमुक’ या दोन्ही गोष्टी एकाच वाचनात कळतात. ही रचना मला आजही फार सुंदर वाटते.

सगळे ६५,५३६ पत्ते विचारत बसावं लागत नाही. एखाद्या डिव्हाइसचं ‘फंक्शन शून्य’च उत्तर देत नसेल, तर उरलेल्या सातांना विचारायचं नाही. सापडलेला भाग ब्रिज निघाला, तर त्याच्यामागच्या बसला पुढचा क्रमांक द्यायचा, आत शिरायचं, तिथली हजेरी पूर्ण करून बाहेर यायचं. बस क्रमांक आधीपासून कुठे कोरलेले नसतात; हे झाड चालता चालता तयार होतं. त्यामुळे नवं कार्ड बसवल्यावर लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं दिसलं, तर घाबरू नका. नाव पत्त्यावरून बनलेलं असतं आणि मधे एक फांदी वाढल्याने पत्ता सरकलेला असतो.

नंबर कळला, तरी भागाला मेमरीतली किती जागा लागणार हे कळायला हवं. भागाच्या बेस ॲड्रेस रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या जागेचा पत्ता लिहायच्या खणात, फर्मवेअर सगळे बिट १ लिहितं आणि लगेच परत वाचतं. भागाने खालचे जितके बिट शून्यावरच पक्के बांधलेले असतात, तितके शून्यच परत येतात. अगदी खालचे चार बिट जागेचा प्रकार सांगणारे असतात, ते बाजूला ठेवायचे. बाकीच्यांत खालचे १२ बिट शून्य राहिले तर जागा ४ केबी, २० राहिले तर १ एमबी. मग फर्मवेअर सगळ्यांच्या मागण्या एकत्र करून पत्त्यांचं वाटप करतं. पूर्वी जंपर हाताने बसवणारा माणूस जे काम करायचा, ते हे.

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे आणि दुरुस्ती करणाऱ्यासाठी तीच सर्वांत मोलाची. स्लॉटच्या प्रत्येक लेनवर, म्हणजे माहिती ये-जा करणाऱ्या तारांच्या प्रत्येक संचावर, पलीकडे कुणी जोडलेलं आहे का हे विद्युत पातळीवर तपासलं जातं, मग दोन्ही बाजू मिळून किती लेन आणि कोणता वेग हे ठरवतात. एखाद्या लेनचा संपर्क खराब असेल, तर १६ लेनचं ग्राफिक्स कार्ड ८ किंवा अगदी १ लेनवर चालू होतं. ते ‘ओळखलं’ जातं, ड्रायव्हर बसतो, चित्रही येतं, पण वेग पडतो. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा दोनदा व्ही लावून चालवली की कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्षातली स्थिती अशा दोन ओळी दिसतात. त्या ताडून पाहा. मात्र मोकळं बसलेलं कार्ड वीज वाचवायला वेग खाली आणतं, म्हणून कार्डावर काम टाकून मगच बघा. लेनची संख्या कमीच दिसली तर कार्ड काढून संपर्क आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा नीट बसवा. ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही.

आता तुमचा पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर. त्या ६४ बाइटमध्ये कंपनी आणि भागाच्या नंबरांशिवाय एक वर्ग-नंबर असतो: हा भाग साठवणीचा, नेटवर्कचा, चित्राचा की आणखी कशाचा. विंडोज आधी नेमक्या नंबराला जुळणारा ड्रायव्हर शोधतं. नाही मिळाला तर वर्गावरून काही जुळतं का ते बघतं. तुमच्या यादीतल्या भागाने उत्तर दिलं आहे, नंबर दिला आहे, वर्गही सांगितला आहे. तो वर्ग ०७८० आहे, म्हणजे ‘संपर्काचा इतर कुठला तरी कंट्रोलर’. वर्गावरून विंडोजने नाव लावलं, पण एवढ्या मोघम वर्गाला सर्वसाधारण ड्रायव्हर असूच शकत नाही. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये हा बहुधा मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे चिपसेटमधल्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरचा, संपर्कभाग असतो. त्या ओळीवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज उघडा. व्हीईएनच्या पुढे ८०८६ दिसेल आणि डीईव्हीच्या पुढे चार अक्षरं. ती १ई३ए असतील, तर तो इंटेलच्या ७ सिरीज चिपसेटमधला मॅनेजमेंट इंजिनच. ड्रायव्हर या नंबरावरून शोधा, आणि तोही लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणाऱ्या पॅकच्या नादी लागू नका. त्यातून नको ते सॉफ्टवेअर आत येतं आणि कोणता भाग कोणता, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

त्याच पानावर सबसिस नावाचा आणखी एक आकडा दिसेल. तीच रिअलटेकची ऑडिओ चिप वेगवेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बसते, पण हेडफोनची खाच कुठल्या पिनला जोडली आहे हे प्रत्येक बोर्डावर वेगळं असतं. सबसिस त्या बोर्डाचा नंबर सांगतो. लिनक्सच्या रिअलटेक ऑडिओ ड्रायव्हरमध्ये अशा नंबरांचा लांबलचक तक्ता आहे आणि प्रत्येक ओळ म्हणजे एखाद्या मॉडेलची केलेली दुरुस्ती. स्पीकर वाजतो पण हेडफोन वाजत नाही, अशा वेळी संशय आधी इथे घ्यायचा.

मेमरीची गोष्ट वेगळ्या कारणाने वाचण्यासारखी आहे. रॅम किती आणि कोणत्या वेगाची हे कळल्याशिवाय ती चालू करता येत नाही, आणि ती चालू नसताना हे शोधणारा प्रोग्रॅम चालणार कुठे? यावर तोड अशी की फर्मवेअर प्रोसेसरच्या आतली कॅशच तात्पुरती मेमरी म्हणून वापरतं. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यातल्या माहितीला एसपीडी म्हणतात. डीडीआर३ मध्ये ती २५६ बाइटची, डीडीआर४ मध्ये ५१२, डीडीआर५ मध्ये १,०२४. दोन तारांच्या संथ बसवर, ५० ते ५७ या हेक्स पत्त्यांवर, ती वाचली जाते. चारही पट्ट्या अगदी सारख्या असल्या तरी गोंधळ होत नाही, कारण शेवटचा आकडा स्लॉटच्या पिनांवरून ठरतो. क्रमांक २ चा बाइट मेमरीचा प्रकार सांगतो: ०बी म्हणजे डीडीआर३, ०सी म्हणजे डीडीआर४, १२ म्हणजे डीडीआर५. मग वेळांची गणितं होतात, तारांवरचे संकेत जुळवले जातात आणि रॅम जिवंत होते. डीडीआर५ च्या नव्या मशीनला पहिल्यांदा चालू होताना पडदा बराच वेळ काळा ठेवायची सवय असते, ती या जुळवणीमुळे. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका.

प्रोसेसरला विचारायला सीपीयूआयडी नावाची एक सूचनाच आहे. पेंटियमबरोबर १९९३ मध्ये ती सर्वत्र आली. उत्तरात ‘जेन्युइनइंटेल’ किंवा ‘ऑथेंटिकएएमडी’ अशी रोमन लिपीतली १२ अक्षरं येतात आणि पुढे फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग (त्या मॉडेलची आवृत्ती). नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसतो पण चालू होत नाही, तेव्हा बहुतेकदा प्रोसेसरचं उत्तर बरोबर असतं; बोर्डावरच्या फर्मवेअरला तो मॉडेल-नंबर माहीत नसतो. बायोस, म्हणजे हे फर्मवेअरच, अद्ययावत करणं हा त्यावर उपाय. साटा डिस्क आयडेंटिफाय या आज्ञेला ५१२ बाइटचं उत्तर देते, एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवर बसणारी एसएसडी) ४,०९६ बाइटचं. मॉनिटर आपली ओळख आणि चालणारी रिझोल्यूशन सांगणारा १२८ बाइटचा ईडीआयडी तक्ता देतो. मॉनिटर १९२०×१०८० चा असून १०२४×७६८ च्या वर जात नसेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या आधी केबल बदलून बघा. ईडीआयडी वाहून नेणाऱ्या तारा चित्राच्या तारांपासून वेगळ्या असतात. त्या तुटल्या तरी चित्र येत राहतं, फक्त मॉनिटरची ओळख येत नाही.

यूएसबीचं पहिलं प्रमाण जानेवारी १९९६ चं. इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्यांत अजय भट्ट आघाडीवर होते. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. यूएसबीत हजेरी घ्यावी लागत नाही, भाग स्वतः हात वर करतो. पोर्टच्या दोन्ही डेटा तारा १५ किलोओहमच्या रोधाने खाली ओढलेल्या असतात. उपकरण जोडलं की त्याच्या आतला १.५ किलोओहमचा रोध त्यातली एक तार वर ओढतो. डी प्लस नावाची तार वर गेली तर फुल स्पीड, डी मायनस नावाची वर गेली तर लो स्पीड. एक अक्षरही न बोलता, जोडल्याचं आणि वेगाचं, दोन्ही कळलं. मग पोर्ट रीसेट होतो, उपकरण पत्ता शून्यवर उत्तर देतं, त्याला १ ते १२७ मधला स्वतःचा पत्ता मिळतो आणि मग ते १८ बाइटचं आपलं वर्णन देतं: कंपनी, उत्पादन, वर्ग. वर्ग तिथे शून्य असेल, तर तो पुढच्या इंटरफेसच्या वर्णनात लिहिलेला असतो.

तुमचा माऊस लगेच का चालला याचं उत्तर या वर्गात आहे. माऊस आणि कीबोर्ड वर्ग ०३ मध्ये येतात, पेनड्राइव्ह ०८ मध्ये, हब ०९ मध्ये. माऊस कुठल्याही कंपनीचा असो, कधीही बनलेला असो, ‘मी वर्ग ०३, प्रोटोकॉल २ (म्हणजे माऊस)’ एवढं त्याने सांगितलं की विंडोजकडचा सर्वसाधारण ड्रायव्हर त्याला पुरतो. नंबर अनोळखी असला तरी वर्ग ओळखीचा आणि नेमका आहे. कंट्रोलरचा वर्ग मोघम होता म्हणून तो अडला.

राहिला अननोन डिव्हाइस. हा बहुधा असा भाग आहे ज्याला विचारायची सोयच नाही. लॅपटॉपची बॅटरी, झाकण, हॉटकी, पडल्याचं कळणारा सेन्सर हे पीसीआयवरही नसतात, यूएसबीवरही नसतात. त्यांची नोंद बोर्ड बनवणाऱ्याने फर्मवेअरमधल्या एसीपीआय तक्त्यांत, म्हणजे भाग आणि वीज व्यवस्थापनाची माहिती देणाऱ्या तक्त्यांत, केलेली असते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी हे प्रमाण १९९६ मध्ये आणलं. बॅटरीला पीएनपी०सी०ए हे सर्वांना मान्य नाव आहे, म्हणून ती कुठेही कळते. पण कंपन्या स्वतःची नावंही देतात: लेनोवोच्या आयडियापॅडमध्ये व्हीपीसी२००४ हॉटकी आणि वीज व्यवस्थापनासाठी, डेलमध्ये एसएमओ८८०० पडण्याच्या सेन्सरसाठी. हार्डवेअर आयडीच्या सुरुवातीला एसीपीआय दिसलं, तर शोध त्या पुढच्या नावाचा घ्या. इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा: तक्त्यातलं नाव म्हणजे भागाचं उत्तर नव्हे. तो सेन्सर जळाला असला तरी नोंद दिसू शकते.

एआरएम बोर्डांवर, म्हणजे मोबाइलसारख्या प्रोसेसरच्या छोट्या बोर्डांवर, हे आणखी ठळकपणे दिसतं. चिपच्या आतले बहुतेक भाग कुठल्याही हजेरीला उत्तर देत नाहीत, त्यामुळे लिनक्सला डिव्हाइस ट्री नावाची फाइल द्यावी लागते. प्रत्येक भागाच्या नोंदीत ‘कंपॅटिबल’ ही ओळ असते आणि ड्रायव्हर तिच्यावरून जुळतो. तारांनी सेन्सर जोडणारे विद्यार्थी इथेच फसतात. आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या बसवर स्कॅन केलं की ६८ या हेक्स पत्त्यावर कुणीतरी आहे एवढंच कळतं. तो डीएस३२३१ घड्याळ असेल किंवा एमपीयू-६०५० गतिसेन्सर. दोघांचा पत्ता तोच. ७६ वर बॉशचा बीएमई२८० आहे की बीएमपी२८०, हे डी० हे रजिस्टर वाचल्यावरच कळतं: पहिला ६० देतो, दुसरा ५८. आर्द्रतेसह मोजणारा म्हणून घेतलेला सेन्सर ५८ देत असेल, तर दुकानात परत करा. आर्द्रता मोजायची सोय बीएमपीत नाहीच.

आणि नंबर हा शेवटी भागाने केलेला दावा आहे, पुरावा नव्हे. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने तिचाच नंबर लावलेल्या नकली सिरियल चिप्सचा उत्पादन-नंबर बदलून शून्य करून टाकला, आणि चिप नकली आहे हे ज्यांना माहीतच नव्हतं अशा लोकांची उपकरणं रातोरात बंद पडली. त्याच वर्षी कार्स्टन नोल आणि याकोब लेल या सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं की पेनड्राइव्हचं फर्मवेअर बदलून तिला ‘मी कीबोर्ड आहे’ असं म्हणायला लावता येतं, आणि कॉम्प्युटर ते निमूट मान्य करतो. अतिस्वस्त २ टीबी पेनड्राइव्हचंही तेच: कंट्रोलर क्षमता सांगतो, कॉम्प्युटर ऐकतो. खरी जागा कळायला ती पूर्ण भरून परत वाचावी लागते. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हे काम करतात. आधीचा डेटा मात्र दुसरीकडे हलवा.

शिकायचा क्रम सांगतो. लिनक्सची लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) बनवा, म्हणजे लॅपटॉपवरचं विंडोज तसंच राहील. एलएसपीसीआयला एनएन हा पर्याय देऊन चालवा आणि दिसणारा प्रत्येक नंबर डिव्हाइस मॅनेजरमधल्या नंबराशी जुळवा. मग प्रशासकाच्या हक्काने, तीनदा एक्स लावून चालवा. कॉन्फिगरेशन स्पेसचे पहिले २५६ बाइट एकेक करून दिसतील. इंटेलच्या भागाची सुरुवात ८६ ८० अशी उलटी दिसते, कारण लहान बाइट आधी साठवला जातो. वर्ग-नंबर आणि बेस ॲड्रेस स्वतः हाताने शोधा, प्रोग्रॅमला विचारू नका. डीमेसग (लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून पेनड्राइव्ह लावा आणि पत्ता मिळण्यापासून ड्रायव्हर बसण्यापर्यंतच्या ओळी वाचा.

यापुढे खऱ्या मशीनवर लिहायचे प्रयोग करू नका, क्यूईएमयूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या आभासी मशीनमध्ये, करा. त्यात ‘एडू’ नावाचं एक पीसीआय उपकरण आहे, मासारिक विद्यापीठातल्या लिनक्स कर्नलच्या तासांसाठी लिहिलेलं. कंपनीचा नंबर १२३४, भागाचा ११ई८. त्याची जागा १ एमबीची आहे. रजिस्टरमध्ये सगळे १ लिहा, परत वाचा, आणि प्रकाराचे बिट वगळून खालचे २० बिट शून्य येतात का ते पाहा.